खडपावरचे कोळी

सारंगपाड्याच्या खडपावर आठ पायांचे कोळी राहतात हे किशोरीला समजलं तेव्हा तिची चाळिशी उलटून गेली होती. त्याच खडपासमोर ती लहानाची मोठी झाली होती, आणि कोळी हाच तिचा अभ्यासाचा विषय होता. पण डॉक्टरेट तिनं केली ती पालीकडच्या भातखाचरांतल्या कोळ्यांवर. गुडघाभर चिखलात उभं राहून लोंब्यांमधले लांब जबड्यांचे कोळी तिनं वर्षानुवर्षं गोळा केले, आणि स्वतःच्या दारातल्या खडकाकडे एकदाही भिंग घेऊन वाकली नाही. समुद्रात कोळी असतात ते होडीवाले, एवढंच तिला लहानपणापासून माहीत.

सुकतीला पाणी मागे सरलं की गावासमोर काळ्या दगडाचं लांबरुंद पठार उघडं पडायचं. त्यालाच गाव खडप म्हणायचं. पुरुषांचं काम होडीत आणि बायकांचं खडपावर. कालवं फोडायची, डब्यात भरायची, बाजाराला न्यायची. किशोरीची वहिनी राही लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिथे बसत होती. दगडाच्या कुठल्या घळीत मोठं कालव मिळतं ते सांगायला तिला बघावंही लागत नसे.

त्या दिवाळीत किशोरी अलिबागहून माहेरी आली होती. अलिबागच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची, एकटीच राहायची, आणि सुट्टी लागली की भावाकडे यायची. अमावास्येची ओहोटी मोठी होती. राहीबरोबर ती उगाच, पाय ओले करायला म्हणून खडपावर गेली. राही कोयतीनं कालवं उचकटत होती. एक रिकामा शिंपला तिनं बाजूला टाकला आणि तो किशोरीच्या पायाशी येऊन थांबला. शिंपल्याच्या तोंडावर कांद्याच्या सालीसारखा पांढरा पापुद्रा होता. किशोरीनं तो नखानं सोलला. आत तांबूस डोक्याचा, करड्या लवदार पोटाचा एक कोळी पाय आखडून बसलेला. शिंपला ओला, दगड ओला, आणि हा पठ्ठ्या कोरडा ठणठणीत.

"वैनी, हे कधी बघितलंस?"

राहीनं मान वर केली नाही. "कोली हाय तो. असतात भरती येईपरत. मंग दार लावून बसतात. टाक तिकडं, चावंल."

किशोरीनं टाकला नाही. राहीच्या डब्यातली चार कालवं खाली ओतून तिनं तो डब्यात घातला, आणि राही हसून म्हणाली की आता शिकलेल्या बाईला कालवांपेक्षा कोली गोड लागायला लागले.

सुट्टी संपायच्या आधीच ती अलिबागला परतली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तिनं तो ठेवला आणि दुपारचं जेवण विसरली. पुढे आलेले जबडे बघून आधी तिला भाताचे आपले जुने दोस्तच आठवले. पण त्यांचे पाय काडीसारखे लांब, अंग सडपातळ. हा आखूड, ठेंगणा, भरलेला. जबडे डोक्यातून खाली न लोंबता सरळ पुढे निघालेले, जवळजवळ डोक्याइतकेच लांब. डोळे आठ, दोन ओळींत, ओळी जवळपास सरळ. लांडगा-कोळ्यासारखे दिव्यागत मोठे दोन डोळे नव्हते, सगळे बारीक. पायांच्या टोकाला तीन-तीन नखं. पोटावर आखूड केसांची इतकी दाट लव की पाण्यात बुडवल्यावर तिच्यात हवेचा थर अडकून अख्खं पोट चांदीसारखं चमकायला लागलं. आणि पोटाखालचं श्वासाचं छिद्र इतर कोळ्यांत असतं त्याहून रुंद, नेहमीच्या जागेपासून पुढे सरकलेलं.

ओळखायला तिला वेळ लागला नाही. डेसिडी कूळ. त्यातले भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणारे, पाणी चढलं की शिंपल्यात, किड्यांच्या बिळात रेशमाचं दार लावून आतल्या हवेवर तास काढणारे. पुस्तकात वाचलेलं होतं, चित्रं बघितली होती. प्रत्यक्षात, आणि तेही आपल्या गावच्या दगडावर, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या दिवशी वर्गात जाऊन तिनं जे शिकवायचं ते सोडून मुलांना हेच सांगितलं, आणि मुलं माना डोलवत बसून राहिली.

पुढचे काही महिने तिचे फार सुखाचे गेले. प्रत्येक मोठ्या ओहोटीला ती सारंगपाड्याला जायची. माद्या मिळाल्या, पिल्लं मिळाली. प्रौढ नर मात्र एकही मिळाला नाही. कोळ्यांचं कूळ ओळखायला डोळे, जबडे, नखं पुरतात. प्रजातीपर्यंतही, म्हणजे अगदी जवळच्या जातींच्या गटापर्यंतही, पोचता येतं. जात ठरवायची तर मात्र नर लागतो. नराच्या तोंडापाशी पायांसारखे दोन आखूड अवयव असतात, त्यांच्या टोकाला काटे, आकडे, वळसे यांची एक गुंतागुंतीची रचना असते. तीच प्रत्येक जातीची खूण. सख्ख्या बहिणींसारख्या दिसणाऱ्या दोन जाती त्या एका आकड्यावरून वेगळ्या होतात. माद्यांवरून तिला संशय येत होता की ही जात कुठेच नोंदलेली नसावी. पण संशय हा संशय. हे ती वर्गात इतक्या वेळा बजावून सांगायची की मुलं मागे तिची नक्कल करत.

त्याच उन्हाळ्यात जेट्टीची बातमी आली.

एका कंपनीला कोळसा उतरवायला धक्का हवा होता. आखणी झाली होती ती नेमकी खडपावर. आधी मोजणीवाले आले, मग गावाच्या पाटीवर नोटीस लागली. किशोरीचा भाऊ तुळशीराम गावात शब्दाचा माणूस. वडील समुद्रात गेले तेव्हा शाळा सोडून तो होडीवर चढला, आणि बहिणीला मात्र शाळेतून उठू दिलं नाही. त्यानंच गाव उभं केलं. मोर्चा निघाला, बायका खडपावर ठाण मांडून बसल्या. खटल्यासाठी गणराज नावाचा तरुण वकील आला. भातशेतीवाल्या घरातला, मुंबईत वकिली करणारा, बोलायला चटपटीत. तुळशीरामच्या ओटीवर चहा पिताना त्यानं सहज विचारलं, खडपावर काही दुर्मीळ वगैरे आहे का, कासव, प्रवाळ, काहीही.

"आमच्या बायला विचारा," तुळशीराम अभिमानानं म्हणाला. "तिना कोली सापडलाय. पान्यात राहनारा."

गणराजनं चहाचा कप खाली ठेवला.

त्या आठवड्यात पेपरात मथळा आला, 'कोळ्यांना वाचवणार कोळी'. गावानं तो कापून देवळाच्या भिंतीला चिकटवला. किशोरी गावात शिरली की पोरंटोरं मागे धावायची. ज्या बायका तिला इतकी वर्षं अजून लग्न का केलं नाही म्हणून विचारायच्या, त्या आता डबीत कोळी धरून तिच्यासाठी आणायच्या. राहीनं तर कालवं फोडताना शिंपल्यांची तोंडं तपासायची सवयच लावून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा किशोरीचं शिक्षण गावाच्या उपयोगी पडत होतं. किशोरीला त्याची धुंदी चढली नाही असं म्हणता येणार नाही.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी गणराज पुन्हा ओटीवर आला. जेट्टीला परवानगी द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे किशोरीनं बोलायचं होतं.

"तुम्ही एवढंच सांगायचं, मॅडम. ही जगात दुसरीकडे कुठेही नसलेली नवी जात आहे आणि ती या खडपावरच राहते. बाकी मी बघतो."

"ते मी सांगू शकत नाही."

"का?"

"नर नाहीये माझ्याकडे. एक अर्धवट वाढलेला आहे, घरी डब्यात ठेवलाय. तोंडापाशी अवयव फुगलाय त्याचा, म्हणजे शेवटची कात राहिलीय. ती टाकली की आतली रचना दिसेल. मग सांगता येईल."

"कधी टाकेल?"

"त्याच्या मनावर आहे."

"डीएनए करा."

"करून काय? जुळवून बघायला या कुळाचे नमुने आपल्याकडे कुणी केलेत? आणि तुमच्या तारखेच्या आत तो अहवाल यायचा नाही."

गणराज हसला. वकील हसतात तसं. "मॅडम, 'बहुधा नवी' असं म्हणा. बहुधा म्हणण्यानं खोटं बोलल्यासारखं होत नाही."

"समोर माझ्याच विषयातलं कोणी बसलं असेल तर पहिल्या प्रश्नात तो 'बहुधा' फाडून टाकेल. मग तुमचं बाकीचंही कोणी ऐकणार नाही."

तुळशीराम खांबाला टेकून ऐकत होता. त्याला यातलं अर्धंच समजत होतं, पण बहीण नाही म्हणतेय एवढं समजलं.

"म्हंजे कूल मायती हाय, परजाती मायती हाय, नि जात तेवडी मायती न्हाय?"

"हो, दादा."

"आपल्याला तर लोकं पयली जात इचारतात," तो म्हणाला, आणि ओटीवर सगळे हसले. किशोरीही हसली. तुळशीरामनं मात्र तिच्याकडे बघत पुढे म्हटलं, "बाय, तुना वाटतं का ती नवी हाय?"

"वाटतं."

"मंग तसाच सांग ना."

ती नुसती उठून आत गेली. त्यानं तो होकार धरला असावा.

सुनावणी अलिबागला एका सभागृहात होती. गावच्या बायका टेम्पो करून आल्या होत्या, मागच्या खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. कंपनीच्या बाजूनं पर्यावरण सल्लागार म्हणून जी उठली ती किशोरीच्या चांगल्या ओळखीची होती. मृणाल. तिचीच विद्यार्थिनी, तिच्या हाताखाली शिकलेली सगळ्यांत हुशार मुलगी. सुनावणी सुरू व्हायच्या आधी ती येऊन किशोरीच्या पाया पडली होती आणि "मॅडम, तुम्ही बारीक झालात" असं म्हणाली होती. कोणाच्या बाजूनं आलीय ते तिनं सांगितलं नव्हतं, आणि किशोरीनंही विचारलं नव्हतं.

मृणाल सावकाश, नम्रपणे बोलली. पडद्यावर नकाशा लावला. डेसिडी हे काही लहानसं कूळ नाही, त्यात शेकडो जाती आहेत. अलीकडे जनुकांच्या अभ्यासानंतर एक अख्खं दुसरं कूळ यात मिळवलं गेलं आहे. किनाऱ्यावर राहणारी ही प्रजाती हिंदी महासागरापासून प्रशांत महासागरापर्यंत कितीतरी किनाऱ्यांवर आढळते. सारंगपाड्याचा खडप गेला म्हणून हे कूळ धोक्यात येत नाही. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

"आणि नव्या जातीबद्दल म्हणाल," ती शेवटी म्हणाली, "तर किशोरी मॅडम माझ्या गुरू आहेत. प्रौढ नर हातात आल्याशिवाय नवी जात जाहीर करायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलंय. मला वाटतं त्या आजही तेच सांगतील."

समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, कंटाळलेले. त्यांनी चष्मा वर करून किशोरीला विचारलं, "मॅडम, या कुळाबद्दल ह्या जे म्हणाल्या त्यात काही चूक आहे का?"

"कुळाबद्दल नाही. पण साहेब, प्रश्न कुळाचा नाहीच. प्रश्न या जातीचा—"

"ती नवी जात आहे का?"

मागच्या खुर्च्यांवरच्या बायका पुढे झुकल्या. राही पुढच्या खुर्चीची पाठ धरून अर्धी उठली होती. तुळशीराम भिंतीपाशी उभा, हात छातीवर बांधून. किशोरीला त्याच्याकडे बघायचं नव्हतं तरी तिनं बघितलं.

"आजच्या घडीला तसं सांगता येत नाही," ती म्हणाली. "थोडा अवधी मिळाला तर—"

"धन्यवाद," अध्यक्ष म्हणाले, आणि शेजारच्या लेखनिकाकडे वळले.

बाहेर पायऱ्यांवर गणराज भेटला, पण तो फोनवर बोलत पुढे निघून गेला. बायका टेम्पोत चढत होत्या. किशोरी जवळ गेली तशी त्यांनी सरकून जागा केली नाही. राहीनं नुसतं विचारलं, "का गं किशोरीबाय?" एवढंच. रागानंसुद्धा नाही. किशोरीजवळ सांगण्यासारखं बरंच होतं, पण त्यातलं काही टेम्पोच्या फाळक्याशी उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

तुळशीराम शेवटी चढला. "चला," तो चालकाला म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "येतो मॅडम." त्यानं तिला आयुष्यात बाय सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

कंपनीला परवानगी मिळाली.

निकालाचं ऐकल्यावर किशोरी काही दिवस कॉलेजला गेली नाही. घरात तो डबा होता. ओली वाळू, कालवाचा शिंपला, समुद्राचं पाणी, खायला किनाऱ्यावरचे उड्या मारणारे किडे. एका सकाळी ती पाणी बदलायला गेली तर शिंपल्याचं रेशमी दार फाटलेलं होतं. बाहेर वाळूवर एक पारदर्शक पोकळ साल पडली होती, आठही पायांसकट. आणि तिच्याशेजारी ओला, फिकट, अजून अंग न सुकलेला नर.

तिनं त्याला सुकू दिलं, दुसऱ्या दिवशी मारलं आणि भिंगाखाली घेतलं. तोंडापाशीचा एक अवयव तिनं अलगद वेगळा केला. अवयवाच्या टोकाजवळच्या सांध्यावरचा काटा दुभंगलेला होता, सापाच्या जिभेसारखा, आणि त्याची एक शाखा मागे वळलेली. आजवर नोंदल्या गेलेल्या सगळ्या जातींची छापील चित्रं तिनं बाहेर काढली. एकेक शेजारी ठेवून बघितली. असा काटा कोणालाच नव्हता. तिला जे वाटत होतं तेच होतं. ती जे बोलली नव्हती ते खरं होतं.

तिनं गणराजला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं.

"मॅडम, हे तेव्हा सांगितलं असतं तर—"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला वाटत होतं ना?"

"वाटणं आणि माहीत असणं यात फरक आहे."

"तुमच्यासाठी आहे," तो म्हणाला. "आता अपिलात जायचं तर हे कुठेतरी छापून यायला हवं. नुसता तुमचा शब्द आता चालायचा नाही. एकदा आपण तो स्वतःच मोडून ठेवलाय."

तिनं रात्रंदिवस एक करून लेख लिहिला आणि परदेशातल्या एका नियतकालिकाकडे धाडला. बऱ्याच दिवसांनी परीक्षकांचं उत्तर आलं. काम उत्तम आहे, जात नवी वाटते, पण एका नरावरून निष्कर्ष काढणं धाडसाचं ठरेल. त्याच ठिकाणचे आणखी काही नर गोळा करून पाठवावेत. किशोरीला हसू आलं. त्यांच्या जागी ती असती तर तिनंही हेच लिहिलं असतं.

ती सारंगपाड्याला गेली. गावाकडून खडपावर उतरायची वाट पत्र्याच्या कुंपणानं बंद झाली होती, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तिला आत घेतलं नाही. मग ती घरी गेली. ओटीवर तुळशीराम बसला होता. अंगात निळा शर्ट, खिशावर कंपनीचं चिन्ह. किशोरी त्या चिन्हाकडे बघत राहिली.

"काय बगतंस?" तो म्हणाला. "होडी लावलीय त्यांच्याकडं. गस्तीला. कोनी जालं टाकायला आत आला तर हाकलायचा."

"तू, दादा?"

"मंग कोन? भराव टाकल्यापासून पानी गढूल. मासली बाहेर गेली. खडपावर बाया न्हाय जात. काय करू, तुज्या कॉलेजात येऊन बसू?"

तिनं कशासाठी आली ते सांगितलं. आणखी नर मिळाले तर लेख छापून येईल, कदाचित काम थांबेलही. सांगताना तिलाच ते पोकळ वाटत होतं. तुळशीरामनं सगळं ऐकून घेतलं.

"आता समजली त्याची जात?"

"समजली."

"नवीच हाय?"

"हो."

त्यानं पाण्याकडे नजर टाकून ओहोटीचा अंदाज घेतला. मग उठला. "चल. मना फेरी मारायचीच हाय."

लहानपणी त्याच्या होडीत ती कितीदा तरी बसली होती, पण आताचा हा प्रवास दोघांनी एकमेकांकडे पाठ करून केला. ओहोटी लागली होती. खडप जिथे उघडा पडायचा तिथे वरपर्यंत दगडमातीचा भराव होता, आणि त्याच्या कडेला तराफ्यावरून आणखी दगड लोटत होते. प्रत्येक वेळी पाण्यातून लाल चिखलाचा ढग वर यायचा. किशोरीनं डब्या आणल्या होत्या, चिमटे आणले होते, पाण्यात उतरायचे बूटही घातले होते. उतरायला जागा नव्हती.

"अजून पुढं घे," ती म्हणाली.

"पुढं काय हाय?"

"टोकाला. टोकाला एखादा दगड राहिला असेल."

त्यानं होडी टोकापर्यंत नेली. दगड होता एक, पाण्याबाहेर जेमतेम आलेला, त्यावर तेलकट काळा थर. कालवं होती, पण तोंडं उघडलेली, मेलेली. तिनं वाकून हाताला लागले तेवढे शिंपले उचकटले. दोन-तीन शिंपल्यांच्या तोंडाशी रेशमाच्या चिंध्या होत्या. आत चिखल.

तराफ्यावरून कोणीतरी ओरडलं. तुळशीरामनं हात वर करून त्याला खूण केली, आपलाच माणूस आहे अशी, आणि होडी वळवली. परतताना तो इतकंच म्हणाला, "मी गावाला सांगलेला, आमची बाय हाय ना, काय काळजी करू नका." मग यंत्राचा आवाज वाढवला.

परीक्षकांना तिनं कळवलं की आणखी नमुने मिळणं शक्य नाही, कारण ठिकाणच उरलेलं नाही. त्यांनी खेद व्यक्त केला आणि एका नरावर लेख स्वीकारला. तो छापून आला तेव्हा धक्क्याला पहिलं जहाज लागलं होतं. अपील कधी झालंच नाही.

लेखाचं कौतुक बरंच झालं. ठिकठिकाणाहून पत्रं आली. मृणालचाही फोन आला, आणि तिच्या आवाजातला आनंद खोटा नव्हता.

"मॅडम, काय सुरेख चित्रं काढलीत काट्याची! मला तेव्हाच वाटलं होतं ती वेगळी असणार."

"तुलाही वाटलं होतं?"

"हो ना. पण पुरावा नव्हता." मग ती म्हणाली, "मॅडम, कंपनी धक्क्याजवळ एक निसर्ग माहिती केंद्र करतेय. मी त्यांना सुचवलंय, तुमच्या कोळ्याचं मोठं चित्र दर्शनी भिंतीवर लावायचं. उद्घाटनाला तुम्ही याल? मुलांना कळायला हवं इथे काय होतं ते."

किशोरीनं फोन ठेवून दिला. पुढे मृणालनं निमंत्रणपत्रिका पाठवली तीही तिनं तशीच राहू दिली. केंद्राचं उद्घाटन दुसऱ्या कोणाच्या हस्ते झालं. चित्र मात्र लागलं, तिनं काढलेलंच, खाली तिचं नाव घालून.

एक गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. नव्या जातीला नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा असतो, आणि तिनं ते राहीवरून दिलं होतं. लेख छापून आल्यावर ती सारंगपाड्याला गेली ती हे सांगायला. आतल्या आत कुठेतरी तिला वाटत होतं की यानं काहीतरी सांधलं जाईल.

राही मागच्या अंगणात होती. कालवं राहिली नव्हती, म्हणून ती आता दुसऱ्या बंदरातून विकत आणलेले बोंबील वाळवून विकायची. दांडीवर बोंबील अडकवत होती. किशोरी आलेली बघून तिनं पाट सरकवला, पण हातातलं काम थांबवलं नाही.

किशोरीनं पिशवीतून छापील कागद काढला. कोळ्याचं चित्र दाखवलं, आणि त्याच्यावरचं रोमन लिपीतलं नाव बोटानं दाखवून वाचलं. "हे बघ, वैनी. हा शब्द. हे तुझं नाव आहे. आता जगात कोणीही या कोळ्याबद्दल लिहील ते तुझ्या नावानं."

राहीनं हात लुगड्याला पुसले आणि कागद घेतला. बराच वेळ बघितला. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, चित्र बघत होती.

"हा कुटं हाय आता?"

"बाटलीत. औषधात घालून ठेवलाय, मुंबईला संग्रहालयात."

"तसा न्हाय इचारत. जिता कुटं हाय?"

"माहीत नाही. दुसऱ्या कुठल्या खडपावर असेलही. मी शोधतेय. अजून सापडला नाही."

"म्हंजे मेला."

"तसं सांगता येत नाही, वैनी."

राहीनं तिच्याकडे बघितलं, आणि किशोरीला आपले सभागृहातले तेच शब्द पुन्हा ऐकू आले.

"मेल्याला माजा नाव दिलास," राही म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी जिती हाय अजून. बदल त्या."

"बदलता येत नाही."

"तूच दिलास ना?"

"मीच दिलं. पण एकदा छापलं की मलासुद्धा मागे घेता येत नाही. नियम आहे तसा."

"नियम," राही म्हणाली. कागद तिनं चुरगाळला नाही की फाडला नाही. दोन्ही हातांनी नीट घडी घालून किशोरीच्या मांडीवर ठेवला. मग टोपलीतले उरलेले बोंबील उचलून ती दांडीच्या पलीकडच्या टोकाला गेली आणि किशोरीकडे पाठ करून ते अडकवू लागली. किशोरी पाटावर बसून होती. घरात तुळशीराम जेवत होता, भांड्याचा आवाज येत होता. पानावर बस असं आज कोणीच म्हटलं नाही.